ईमेलखाली आपोआप येणारी सही कशी बसवायची? जीमेल, आउटलुक, मोबाइल आणि मराठी फॉन्ट

संत्राबाग, ता. मोर्शी

नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या जीमेल खात्याला सही बसवायची आहे. खातं एकच, त्यावरून लिहिणारे तिघं: व्यवस्थापक, लेखापाल आणि पॅकहाउस पाहणारे. ईमेल जातात व्यापाऱ्यांना, बँकेला आणि तालुका कृषी कार्यालयाला. सध्या हे असं होऊन राहिलं आहे:

नवीन ईमेलखाली सही येते, पण कोणाला उत्तर दिलं की गायब. मजकूर डीटीपीवाल्याच्या लेटरहेडच्या फाइलमधून उचलला होता. इकडे मराठी दिसते, समोरच्याला इंग्रजी अक्षरांचं भेंडोळं. मोबाइलवरून पाठवलं की खाली काहीच नाही. आणि लोगो टाकावा की नको, यावर तिघांची तीन मतं.

जरा टप्प्याटप्प्याने सांगा. लेखापाल ताई हा धागा समोर ठेवूनच करणार आहेत.

कापूसकोंड्या, हिंगणघाट

आधी जीमेलचं सांगतो. हे संगणकावरच करा, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ही पूर्ण सोय नाही.

जीमेल उघडा, वर उजवीकडच्या दातेरी चाकावर टिचकी मारा, मग ‘सी ऑल सेटिंग्ज’. पहिलाच टॅब ‘जनरल’. तो बराच खाली सरकवला की ‘सिग्नेचर’ येतं. खात्याची भाषा मराठी असेल तर तिथे ‘स्वाक्षरी’ दिसेल. ‘क्रिएट न्यू’ दाबा आणि सहीला नाव द्या. हे नाव फक्त तुम्हाला दिसतं, समोरच्याला जात नाही, म्हणून ‘व्यवस्थापक मराठी’, ‘लेखापाल इंग्रजी’ असं सरळ ठेवा. उजवीकडच्या चौकोनात मजकूर लिहा.

आता खरी मेख. चौकोनाखाली ‘सिग्नेचर डिफॉल्ट्स’मध्ये दोन खटके आहेत: एक नवीन ईमेलसाठी, दुसरा उत्तर आणि फॉरवर्डसाठी. बहुतेक जण पहिला निवडतात आणि दुसरा ‘नो सिग्नेचर’वरच राहतो. दोन्हीकडे सही निवडा.

त्याच्याच खाली एक छोटी चौकट आहे, ‘इन्सर्ट सिग्नेचर बिफोर कोटेड टेक्स्ट’ अशी सुरू होणारी. तिच्यात बरोबरची खूण केली नाही तर उत्तराची सही जुन्या संभाषणाच्याही खाली, अगदी तळाला जाऊन बसते, आणि तो भाग जीमेल तीन टिंबांआड लपवतं. म्हणजे सही गेलेली असते, पण कोणाला दिसत नाही. तुमची अडचण या दोहोंपैकीच एक आहे.

शेवटी पानाच्या तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. पान लांब आहे, बटण एकदम खाली आहे, आणि मधेच टॅब बंद केला की सगळं वाया. नेट रेंगाळत असेल तर बटण दाबल्यावर इनबॉक्स परत दिसेपर्यंत थांबा.

तिघांचं म्हणाल तर तीन सह्या करा आणि चौथी फक्त कंपनीच्या नावाची. आपोआप येणारी सही ही चौथी ठेवा. ईमेल लिहिताना खालच्या पट्टीत पेनाचं चिन्ह असतं, त्यावर दाबून ज्याने त्याने आपली निवडायची. व्यवस्थापकांची सही आपोआप ठेवली तर लेखापाल ताईंनी घाईत पाठवलेला ईमेल व्यवस्थापकांच्या नावाने जाईल, आणि बँकेच्या पत्रात तसं व्हायला नको.

टंकलेखक, अकोट

भेंडोळ्याचं कारण फॉन्ट आहे. लेटरहेड कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेलं असणार. हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांच्यात संगणक मराठी अक्षर साठवतच नाही. साठवतो इंग्रजी अक्षर आणि त्यावर मराठी चित्र दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर फाइलमध्ये काय असतं पाहा: म साठी ई, र साठी जे, कान्यासाठी के, ठ साठी कॅपिटल बी आणि दुसऱ्या वेलांटीसाठी एच. तुमच्या संगणकात फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला ‘मराठी’ दिसतं. बँकेतल्या माणसाकडे तो फॉन्ट नाही, त्याला नुसतं ई-जे-के-बी-एच दिसतं. त्याच्या संगणकाची यात काही चूक नाही.

ओळखायची सोपी खूण: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं झाली तर तो जुना फॉन्ट. मराठीच राहिली तर यूनिकोड, आणि तोच ईमेलला चालतो.

सही चार-सहा ओळींची असते. कन्व्हर्टरच्या मागे न लागता ती यूनिकोडमध्ये नव्याने टाइप करणं बरं. कन्व्हर्टर वापरलाच तर दोन ठिकाणं डोळ्यात तेल घालून तपासा, पहिली वेलांटी आणि रफार. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, यूनिकोडमध्ये नंतर साठते. अदलाबदलीत ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. श्रीलिपीची मांडणी आणखी वेगळी, तिला कृतिदेवचा कन्व्हर्टर चालत नाही.

विंडोज १० किंवा ११ मध्ये कळफलक असा घ्या: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, ‘अ‍ॅड अ लँग्वेज’, मराठी. मग मराठीच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडा. इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कळफलक) येत असेल तर उत्तमच. नसेल तर ‘मराठी फोनेटिक’ घ्या. इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहिलं की मराठी उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते.

आता ज्यासाठी मी खास लिहायला बसलो ते. तुमच्या कंपनीच्या नावात ‘शेतकरी’ आहे, म्हणजे सहीत कुठेतरी ‘शेतकऱ्यांची’ येणारच. तिथे ‘शेतकर्यांची’ होऊ देऊ नका. साधा र, पायमोड आणि य लिहिला की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, ‘कार्य’मध्ये बसतो तसा. आपल्याला हवा तो आडवा, पापणीसारखा र. त्यासाठी यूनिकोडमध्ये ऱ हे वेगळं अक्षर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी ने पायमोड, मग स्लॅशच्या कळीवरचा य, मग ई ने काना: ‘ऱ्या’. ‘व्यापाऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांकडे’, ‘दुसऱ्या’, सगळीकडे हेच. मराठी माणसांच्या कंपनीच्या सहीत हे चुकलेलं दिसलं की खरोखर वाईट वाटतं, कारण चार कळांचं काम आहे.

झाडीपट्टी, साकोली

मोबाइलचं मी सांगते. जीमेलच्या अ‍ॅपला संगणकावरची सही दिसेल या भरवशावर राहू नका. त्याची वेगळी ‘मोबाइल सिग्नेचर’ असते.

अँड्रॉइडवर: डावीकडच्या तीन रेघा, एकदम खाली सेटिंग्ज, मग आपलं खातं, मग ‘मोबाइल सिग्नेचर’. मजकूर लिहा आणि ओके. यात ठळक अक्षर, रंग, लोगो काही बसत नाही, फक्त साधा मजकूर. एका खात्याला त्या फोनवर एकच.

ही सही त्या फोनच्या अ‍ॅपमध्येच राहते, म्हणून तुमच्या कामाची आहे. तिघांनी आपापल्या फोनवर आपापलं नाव टाकलं की पेनाचं चिन्ह शोधायची गरजच नाही. फोन बदलला किंवा अ‍ॅप काढून परत टाकलं की मात्र पुन्हा लिहायची.

काही फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं ईमेल अ‍ॅप असतं आणि ते ‘सेंट फ्रॉम माय’ असं काहीतरी आपसूक जोडतं. ती ओळखीची ओळ काढून तिथे आपली सही टाका. आयफोनच्या मेल अ‍ॅपची सही फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘मेल’ या भागात सापडते.

संगणक नसेलच तर क्रोममध्ये जीमेल उघडून तीन टिंबांतून ‘डेस्कटॉप साइट’ करता येते. अक्षरं बारीक होतात, बोट भलतीकडे पडतं. एकदाच करायचं काम आहे, त्यापेक्षा आपले सरकार केंद्रावरचा संगणक अर्धा तास मागा. फक्त काम झाल्यावर खात्यातून लॉग आउट करजा, नाहीतर कंपनीचा सगळा पत्रव्यवहार तिथे उघडा राहील.

वर्धाकाठ, आर्वी

कशी बसवायची ते झालं, आत काय लिहायचं तेही ठरवून घ्या. संत्राबाग दादा, तुमची उत्पादक कंपनी म्हणजे कंपनी कायद्याखालची नोंदणीकृत कंपनी. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२(३)(क) सांगतं की व्यवसायाच्या पत्रांवर, बिलांवर आणि नोटिसांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि संकेतस्थळ असल्यास तेही असलं पाहिजे. चुकलं तर दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख दंड आहे. पत्र कागदाऐवजी ईमेलने गेलं म्हणून ते पत्र राहत नाही असं नाही. तेव्हा सहीतच सगळं ठेवलं की विषय संपला.

सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा ‘यू’ने सुरू होतो, पुढे पाच अंक उद्योगाचे, मग महाराष्ट्राची दोन अक्षरं, चार अंक नोंदणीच्या वर्षाचे, तीन अक्षरं कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटी सहा अंक. हा हाताने टाइप करू नका. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत होते. नोंदणी प्रमाणपत्राच्या मूळ पीडीएफमधून कॉपी करा आणि चिकटवल्यावर २१ मोजा.

नाव पूर्ण, शेवटच्या ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’सह. लघुरूप लोगोत चालेल, सहीत नको.

पत्त्यात तालुका आणि जिल्हा हवाच. आपल्याकडे कारंजा दोन आहेत, एक वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड आणि एक वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. नुसतं ‘कारंजा’ लिहिलं तर दिल्लीच्या व्यापाऱ्याने पाठवलेलं पार्सल कुठे जाईल सांगता येत नाही. लाडचा पिनकोड ४४४ ने सुरू होतो, घाडगेचा ४४२ ने. तसंच चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, दोन्ही अमरावती जिल्ह्यातच. बाहेरच्या माणसाला हा फरक फक्त पूर्ण नाव आणि पिनकोड सांगतो.

नमुना:

(नाव)
लेखापाल
(कंपनीचं पूर्ण नाव) प्रोड्युसर कंपनी लिमिटेड
मु. पो. (गाव), ता. मोर्शी, जि. अमरावती, पिन (सहा अंक)
फोन +91 (दहा अंक), सकाळी १० ते ५, ईमेल (पत्ता)
सीआयएन (२१ अक्षर-अंक)

सहा ओळी. यापेक्षा जास्त कशाला? फोनची वेळ लिहिलेली बरी, कारण पॅकहाउस चालू असताना कोणी फोन उचलत नाही. आणि फोन, पिन, सीआयएन हे सहीत इंग्रजी अंकांतच ठेवा. व्यापारी हिंदी-इंग्रजीवाला असेल तर त्याला ६ आणि ९ मराठीत वाचायला अडचण जाते.

लेखापाल ताईंच्या सहीत जीएसटी क्रमांक घाला, १५ अक्षर-अंकांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. बँकेचा खाते क्रमांक मात्र कोणाच्याच सहीत नको. खाते क्रमांक बदलून बनावट ईमेल पाठवणं ही नेहमीची फसवणूक आहे, आणि सहीत रोज खाते क्रमांक येत असला की एखाद्या दिवशी तो बदललेला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. खाते क्रमांक बिलावर द्या आणि फोनवर खात्री करायला सांगा.

पाटीपेन्सिल, रिसोड

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या संगणकात शाळेचं जीमेल खातं आउटलुकमध्ये जोडलेलं आहे. जीमेलची सही आउटलुकमध्ये का येत नाही?

कापूसकोंड्या, हिंगणघाट

सर, आउटलुक जीमेलकडून फक्त ईमेल आणतं, सही आणत नाही. तिथे वेगळी करावी लागते. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये: फाइल, ऑप्शन्स, मेल, ‘सिग्नेचर्स’. ‘न्यू’ करून मजकूर लिहा आणि उजवीकडे ‘न्यू मेसेजेस’ आणि ‘रिप्लाइज/फॉरवर्ड्स’ दोन्हीत तीच निवडा. नव्या आउटलुकमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, सिग्नेचर्स.

आउटलुकमध्ये ओळींमध्ये मोठी फट पडते. एंटर दाबलं की ते नवा परिच्छेद धरतं. शिफ्ट धरून एंटर दाबा, ओळी लागून येतील.

संगणक फॉरमॅट करायचा असेल तर आधी सह्यांचा फोल्डर वाचवा. विंडोज आणि आर दाबून आलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, ‘अ‍ॅपडेटा’ इंग्रजीत, परत टक्क्याचं चिन्ह लिहून एंटर. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘सिग्नेचर्स’. एका सहीच्या तीन फाइली असतात: एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी. तिन्ही, आणि सोबत फोल्डर असेल तर तोही पेन ड्राइव्हवर घ्या.

शाळेच्या सहीत यूडायस क्रमांक पूर्ण ११ अंकी लिहा. एकाच केंद्रात ‘जि. प. प्राथमिक शाळा’ दहा-बारा असतात. गटशिक्षण कार्यालयातल्या बाबूंना नावापेक्षा यूडायसने शाळा लवकर सापडते.

ऑपरेटर, ता. घाटंजी

ग्रामपंचायतीच्या ईमेलमध्ये सरपंच ताईंच्या सहीचा आणि शिक्क्याचा स्कॅन केलेला फोटो आपोआप यावा असं सुचवून राहिले. फोटो आकाराने किती ठेवावा?

वर्धाकाठ, आर्वी

भाऊ, आकार विचारू नका, तो फोटो टाकूच नका. ही गोष्ट फार गंभीर आहे.

ईमेलखालची सही म्हणजे नाव-पत्ता, हस्ताक्षर नव्हे. सही-शिक्क्याचा फोटो ईमेलमध्ये गेला की ज्याला ज्याला तो मिळाला त्याने राइट क्लिक करून उतरवून घ्यावा आणि कोणत्याही दाखल्यावर चिकटवावा. रहिवासी दाखला, ना हरकत, काहीही. आणि कायद्याच्या नजरेत तो फोटो डिजिटल सही होतही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ३ मधली डिजिटल सही म्हणजे ई-ग्रामस्वराज या पंचायतीच्या पोर्टलवर पेमेंट करताना यूएसबी टोकन लावून पिन टाकता ना, ती. ज्या पत्राला सही लागते त्याची पीडीएफ करून ती टोकनने सही करा, किंवा कागदावर सही घेऊन तेवढंच पत्र स्कॅन करून जोडा. ईमेलखाली फक्त ‘सरपंच, ग्रामपंचायत अमुक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ’ आणि कार्यालयाचा फोन. सरपंच किंवा अधिकारी बदलले की त्याच दिवशी सही बदला. आधी लिहून ठेवलेल्या ड्राफ्टमध्ये जुनीच राहते, तिथे हाताने बदलावी लागते.

संत्राबाग, ता. मोर्शी

उत्तरातली सही आता येऊन राहिली, खालची चौकट रिकामी होती. मराठीही नव्याने टाइप केलं. पण लोगो चिकटवल्यावर ‘सिग्नेचर इज टू लाँग’ असं येते. सहा ओळी लांब कशा?

टंकलेखक, अकोट

जीमेलच्या सहीला १०,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात न दिसणारा कोडही धरतात. वर्डमधून कॉपी केलं की प्रत्येक ओळीसोबत फॉन्ट, समास, रंग यांचा ढीगभर कोड येतो. चिकटवलेलं चित्र तर कधी कधी पूर्णच्या पूर्ण अक्षरांत उतरतं. सगळं पुसा. मजकूर कंट्रोल, शिफ्ट, व्ही दाबून चिकटवा, म्हणजे साधा येईल. मग ठळक वगैरे जीमेलच्याच पट्टीतून करा. चित्र चिकटवू नका. पट्टीतल्या चित्राच्या चिन्हावरून ‘अपलोड’ने टाका. ड्राइव्हमधून निवडलंत तर ती फाइल ‘एनीवन विथ द लिंक’ अशी उघडी असावी लागते, नाहीतर तुम्हाला लोगो दिसेल आणि समोरच्याला तुटकी चौकट.

अक्षरांचा आकार ‘स्मॉल’ करू नका. इंग्रजी त्यात वाचता येतं, मराठीच्या मात्रा आणि जोडाक्षरं गिचमिड होतात.

झाडीपट्टी, साकोली

लोगोबद्दल माझं मत वेगळं आहे. नकोच. आउटलुक बाहेरून आलेली चित्रं आपोआप उघडत नाही, आणि आउटलुकमधून पाठवलेला लोगो कधी कधी जोडपत्र म्हणून दिसतो. कार्यालयातला माणूस अर्ज समजून तो उघडतो आणि आत संत्र्याचं चित्र.

वर्धाकाठ, आर्वी

ताई, जोडपत्राचं खरं आहे, म्हणून सरकारी कार्यालयाच्या सहीत लोगो नको. पण व्यापाऱ्याला तोच लोगो खोक्यावर दिसतो आणि ईमेलमध्ये दिसला की ओळख पटते. इंग्रजी सहीत ठेवा, मराठीत नको. रुंदी १०० ते १५० पिक्सेल, फाइल ३० केबीच्या आत, पीएनजी. मागची बाजू पारदर्शक ठेवू नका, पांढरी भरा. काळ्या अक्षरांचा पारदर्शक लोगो फोनच्या डार्क मोडमध्ये काळ्यावर काळा होऊन दिसेनासा होतो. नाव, फोन, पत्ता यातलं काहीही चित्रात नको. चित्र उघडलं नाही तरी सही पूर्ण वाचता आली पाहिजे.

संत्राबाग, ता. मोर्शी

झालं. चार मराठी, चार इंग्रजी, अशा आठ सह्या केल्या. फक्त पॅकहाउसवाल्या दादांच्या लॅपटॉपवरून पाठवलं की ठळक अक्षरं आणि लोगो दोन्ही जातात, नुसता मजकूर राहतो.

कापूसकोंड्या, हिंगणघाट

त्या लॅपटॉपवर ‘प्लेन टेक्स्ट मोड’ चालू आहे. ईमेल लिहायची चौकट उघडा, खाली उजवीकडच्या तीन टिंबांत त्यापुढची बरोबरची खूण काढा. एकदा लागली की पुढच्या प्रत्येक ईमेलला तशीच राहते. खूण काढल्यावर ती चौकट बंद करून नवीन उघडा, जुन्या ड्राफ्टमध्ये लोगो परत येणार नाही.

संत्राबाग, ता. मोर्शी

तीच खूण होती. लोगो आला.